रोमवाल्या बाई आणि आमचा बुवा

"आधी हात पाहायचे. तोंड मागून."

बाई असं म्हणायच्या आणि करायच्याही तसंच. कोणी नमस्कार केला की तुम्ही-आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहतो. या बाई जोडलेल्या हातांकडे पाहायच्या. सरपंच भेटले तर त्यांच्या अंगठ्या. माझी म्हातारी, म्हणजे बायको, चहा घेऊन आली तर चहा नाही, कप धरलेली बोटं. म्हातारी लाजून हात पदराखाली घ्यायची. बाई म्हणायच्या, "झाकू नका हो काकू, तेवढंच तर वाचता येतं मला."

तुम्हाला वाटेल ज्योतिषी होत्या. नाही. तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. आणि त्यांचा सगळा जीव, नीट ऐका, रोमच्या थडग्यांत होता. रोम म्हणजे इटलीतलं. दोन हजार वर्षांमागं मेलेले तिथले लोक थडग्यावर स्वतःला कसे कोरून घ्यायचे, गडी कसा कोरायचे, बाई कशी कोरायचे, हाच त्यांचा अभ्यास. राहायच्या चिखलीला आणि मन तिकडच्या स्मशानात. गेल्या मात्र कधीच नव्हत्या. सगळं फोटोत पाहिलेलं.

मी चौथीत शाळा सोडली. शाळेनं मला काढलं नाही, मी तिला सोडलं, हे इथं लिहून ठेवतो. तर माझ्यासारख्याची आणि अशा बाईंची गाठ पडली ती भांडणातून.

उंद्रीच्या अलीकडे आमचं गाव. माझं वांग्याचं आणि सांबाराचं वावर. पुणे-मुंबईवाले सांबाराला कोथिंबीर म्हणतात, म्हणोत. त्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुलिंबाखाली आमचा रावबुवा आहे. कमरेएवढा दगड, त्यावर पिढ्यान् पिढ्या चढवलेला शेंदूर. इतका शेंदूर की नाक-डोळे काही उरले नाहीत, नुसता नारिंगी गोटा. पण बुवा म्हणजे बुवा. चोरांनी गावाच्या गाई हाकलून नेल्या, तेव्हा एकटा घोड्यावर मागं गेला, गाई सोडवल्या आणि इथं पडला. दसऱ्याला त्याला फेटा बांधायचा मान आमच्या घराचा. आणि बुवा ब्रह्मचारी, म्हणून बाईमाणसानं समोरून जायचं नाही. माझी म्हातारी लग्न होऊन आली तेव्हापासून भाकर घेऊन येताना सगळ्या वावराला वळसा घालून मागच्या धुऱ्यानं येते. भाकर गार होते, पण नियम म्हणजे नियम.

एके दिवशी पाहतो तर एक बाई, स्कूटी रस्त्यावर लावून, बुवाच्या समोर. मी वांग्यांतूनच ओरडलो, "ओ म्याडम! मांगं व्हा! बायायले बंदी हाये तिथं!"

त्या मागं सरकल्या. भांडल्या नाहीत. लांबूनच विचारलं, "काका, तुमच्या देवाच्या हातात काय आहे?"

"काय असन? तलवार!"

"पाहिली कोणी?"

"पाह्याची काय गरज हाये? बुवा हाये ना तो!"

यावर त्या अशा हसल्या की मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. मी म्हटलं, पाणी घ्या. त्या दिवसापासून मी त्यांना म्याडम म्हणणं सोडलं. बाई म्हणू लागलो. तो शब्द जास्त वजनाचा आहे.

मग दर सुट्टीला येऊ लागल्या. लिंबाच्या पलीकडे, बंदीच्या बाहेर बसायच्या आणि पिशवीतून फोटो काढायच्या. बोलायच्या पुस्तकासारखं. पण मूळच्या मोताळ्याकडच्या, अंगात आलं की पुस्तक गळून पडायचं आणि "अरे बापा!" निघायचं.

"हे पाहा, हा गडी. हातात गुंडाळलेला कागद. म्हणजे शिकलेला. वाचता येत नसलं तरी कागद कोरून घ्यायचे."

"अन् हे बाई?"

"हिच्याजवळ लोकरीची टोपली. हिच्याजवळ फणी आणि आरसा. ही पदर धरून उभी आहे, पाहा, हनुवटीजवळ हात. म्हणजे मर्यादशील."

म्हातारी मागच्या धुऱ्यावरून मान लांब करून ऐकायची. "आमच्यावानीच पदर घेतेत वो ह्या!"

एका फोटोत नवरा-बायको उजवा हात उजव्या हातात धरून उभे. नाकं तुटलेली, पण हात शाबूत. बाई म्हणाल्या, "दोन हजार वर्षं सोडला नाही." म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मी वांग्यांकडे पाहिलं.

पण सगळ्यात गंमत पुढं झाली. बाईंनी एक फोटो काढला. तोंड म्हातारीचं, गालाला सुरकुत्या, केसांचा अंबाडा घट्ट, एखाद्या खाष्ट सासूसारखा. आणि त्या डोक्याखाली अंग जवान देवीचं! अंगावर कपडा नावालाच. म्हातारीनं डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून पाहिलं.

बाई समजावून सांगत होत्या, अंग तयार मिळायचं, तोंड तेवढं मेलेल्या बाईचं बसवायचे. आणि मला एकदम आठवलं. मी उठूनच बसलो.

"बाई! हे तं आमचा फ्लेक्सवाला करते!"

"काय?"

"मानूस मेला की चौकात फ्लेक्स लागते ना, भावपूर्ण श्रद्धांजली? माह्या चुलत्यानं जिंदगीत धोतर सोडलं नाही. फ्लेक्सवर पाह्यलं तं कोट अन् टाय! तोंड चुलत्याचं, अंग कोनाचं ते देव जाने!"

बाई उभ्या राहिल्या. फोटो खाली पडले, ते उचललेही नाहीत. "अरे बापा! काका! अरे बापा, हे तर तेच!"

तेव्हाच्या तेव्हा स्कूटीवर मला मागं बसवलं आणि उंद्रीला फ्लेक्सवाल्याच्या दुकानात. बाईच्या मागं स्कूटीवर बसून मी पहिल्यांदाच गावातून गेलो. पाहणाऱ्यांनी पाहून घेतलं. फ्लेक्सवाल्यानं आपल्या संगणकात दाखवलं. गड्यांसाठी काळा कोट, निळा कोट, जाकीट, नेहरू शर्ट, लाल फेटा, भगवा फेटा, टोपी.

"आणि बायकांसाठी?" बाईंनी विचारलं.

"हिरवी साडी."

"आणखी?"

"हिरवीच चालते सगळ्यायले. नथ टाकून देतो पाह्यजे तं."

बाई हळूच म्हणाल्या, "रोममध्येसुद्धा गड्यांना पुष्कळ प्रकार होते." पण लगेच हुशारल्या. परत येताना स्कूटी थांबवून, भर रस्त्यात, एका सुईणीच्या थडग्याची गोष्ट सांगितली. रोमजवळच्या गावातली सुईण. तिच्या थडग्यावर साडी नाही, आरसा नाही. बाळंतीण खुर्चीवर आणि ही समोर खाली बसलेली, हात पुढं केलेले. कामात असलेली. "एखादीच असते अशी काका, पण असते!"

घरी येऊन हे सगळं मी म्हातारीला सांगितलं. म्हातारी भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "आपल्याले कुठून थडगं, आपली तं राख. पन फ्लेक्स लावसान तं मले ते हिरवी साडी नोका घालू. वांगे तोडतानी काढा."

आता त्या दिवसाचं सांगतो, ज्या दिवशी मी बाईंवर खरा रागावलो. त्या एका मोठ्या दगडी पेटीचा फोटो घेऊन आल्या होत्या. त्यात मेलेल्याला ठेवायचे. वर एक झोपलेली बाई कोरलेली. मग ती पेटी एका गड्यासाठी घेतली. घेतली तर नवी कोण कोरणार? बाईचं तोंडच खरडून गड्याचं केलं, दाढी दिली. अंग मात्र बाईचं तसंच राहिलं.

"लय जुगाडी लोक!" मी हसलो. बाईही हसल्या. आणि हसता हसता त्यांची नजर बुवाकडे गेली. थांबली.

माझं हसू गेलं. "बाई, आमच्या बुवाकडं असं पाहू नोका."

"मी काही म्हटलं का काका?"

"तोंडानं नाही म्हटलं."

त्यांनी मान खाली घातली. "माझी सवय आहे. पण तुमचा देव आहे. तुमच्या देवाला मी बोट लावणार नाही."

आणि नाही लावलं. शेंदराला त्याच वर्षी वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. बोटाएवढी फट, आत काळा दगड. दुसरा कोणी असता तर काडी घातली असती. त्यांचा एक विद्यार्थी सोबत आला होता, तो छिन्नी काढून म्हणाला, "म्याडम, दोन मिनिटांचं काम." बाईंनी त्याला तिथंच झापलं आणि त्याच्याकडून बुवाला नारळ फोडवून घेतला. नारळ फुटताना त्यांचे डोळे मात्र त्या फटीवर. तहानलेल्या माणसासमोर हंडा झाकलेला असावा तसे. वर्षं गेली अशी. त्या यायच्या, फट पाहायच्या, सांबाराची जुडी घेऊन जायच्या.

मग रिटायर झाल्या. पहिलं काम काय केलं? रोमचं तिकीट! सांगायला आल्या तर पोरीसारख्या. लिंबाखाली बसेचनात. "काका, सगळं डोळ्यानं पाहणार! हात लावू देत नाहीत, पण वासही घेणार दगडाचा!" जाताना बंदीच्या बाहेर उभं राहून बुवाला हात जोडले. वैशाखाचे दिवस होते.

आणि देवाची करणी पाहा. बाई तिकडं, आणि इकडं त्याच आठवड्यात, दुपारी, वांग्यांना पाणी सोडून मी लिंबाखाली टेकलो होतो. वारा नाही, पान हलत नाही. आणि मडकं फुटावं तसा आवाज. फट्! पाहतो तर शेंदराची अख्खी खोळ पुढून सुटून जमिनीवर. बुवानं आपल्या मर्जीनं टाकली. कोणी बोट लावलं नाही, मी साक्षी आहे.

मी पुढं झालो. घोडा. चारी पाय उधळलेला, देखणा घोडा. खालच्या पट्ट्यात गाई, शिंगंसुद्धा स्पष्ट. म्हणजे आमच्या वाडवडलांनी सांगितलं ते खरं! वर केलेला उजवा हात, हातात तलवार. मी बाईंना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तलवार! मी एकटाच ओरडलो, "तलवारच हाये! तलवारच!"

मग मनगट पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. मग मानेवर मोठा अंबाडा. आणि मग छाती पाहिली आणि नजर खाली केली.

म्हातारी तेवढ्यात भाकर घेऊन वावराच्या तोंडाशी आली होती. मी हाक मारली, "अवो! ये इकडं! लवकर!"

"येतो ना. मांगून वळसा घालून येतो."

"वळसा नोको घालू! सरळ ये!"

ती जागीच थांबली. तिला वाटलं मला ऊन लागलं. मग आली, वांग्यांच्या सरीतून, सरळ, एक एक पाय टाकत. बुवासमोर उभी राहिली. बराच वेळ पाहिलं. डोक्यावरची भाकर खाली ठेवली आणि म्हणाली,

"म्हंजे मी जिंदगीभर एका बाईलेच भेऊन वळसा घालत होती काय?"

मी सुनेला बोलावलं आणि तिच्या मोबाइलवरून बाईंना फोन लावला, तोंड दिसतं तसला. बाई तिकडं कुठल्या तरी मोठ्या दालनात, मागं पांढरे दगडच दगड. हळू आवाजात बोलल्या, "काका, इथं बोलू देत नाहीत, काय झालं?"

"बुवानं खोळ टाकली!"

त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग म्हणाल्या, "हात दाखवा."

मी मोबाइल हाताजवळ नेला. आणि त्या रोममधल्या दालनात, तिथल्या सगळ्या थडग्यांसमोर, मोताळ्याची बाई ओरडली, "अरे बापा! अरे बापा रे!" एक वर्दीवाला धावत आलेला मला दिसला. बाई त्यालाच मोबाइल दाखवू लागल्या. त्याला काय कळणार? पण तोही वाकून पाहू लागला.

डोळे पुसून त्यांनी मला बजावलं, "काका, ही कोण होती ते मला माहीत नाही. पुढंही कदाचित कळणार नाही. उगीच राणी-बिणी करू नका तिला. गाईंमागं गेलेली बाई, एवढंच दगड सांगतो." मग मोबाइल फिरवून आम्हाला तिथलं नवरा-बायकोचं थडगं दाखवलं. म्हातारीनं पदर घेऊन त्यांना नमस्कार केला.

संध्याकाळी माझा चुलतभाऊ आला. हातात शेंदराचा पुडा आणि तेलाची बाटली. "दादा, झाकून टाकू. अजून गावात बोभाटा नाही."

"काऊन झाकू?"

"काऊन म्हंजे? आपन बुवाचे मानकरी. दसऱ्याले फेटा कोनाले बांधशीन, बाईले? लोक हासतीन. बुवाच नाही तं मान कायचा? गेलं ना आपल्या घरचं सगळं!"

खोटं कशाला सांगू, हे माझ्याही मनात आलं होतं. आमच्या घरात दुसरं होतं काय? जमीन तुकड्या-तुकड्यांनी वाटली गेली, मान तेवढा उरला होता. तो शेंदराच्या एका हातावर टिकत होता. पण चुलतभावानं बाटलीचं बूच काढलं आणि पुढं झाला, तसा माझा हात त्याच्या मनगटावर पडला.

"बुवानं आपल्या हातानं टाकली खोळ. तू कोन बे घालनारा?"

"दादा, तू म्हातारा झाला, तुले समजत नाही."

हे त्यानं म्हणायला नको होतं. मला समजत नाही असं कोणी म्हटलं की मी हलत नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी बाज लिंबाखाली. वांग्यांचा बहर गेला, सोयाबीन कमरेला आलं, मी रोज तिथंच. कोणी म्हणालं झाका. कोणी म्हणालं झाकू नका, पण देवी म्हणा आणि हिरवी साडी नेसवा. त्यांनाही मी हाकललं. "साडी नेसून घोड्यावर बसन कशी? फेटा तिचाच हाये, तिनंच सांभाळला इतके दिवस. फेटाच बांधीन!"

दसरा आला. अख्खं गाव वावरात. हसायला आलेलेही होते, मी ओळखून होतो. आणि समोरच्या बाजूला, जिथं कधी बाईचं पाऊल पडलं नव्हतं, तिथं बाया. पहिल्यांदा दोघी-तिघी, भीत भीत. मग एवढ्या की गड्यांना सरकावं लागलं. माझी म्हातारी सगळ्यांत पुढं.

मी फेटा बांधला. अंबाड्यावरून असा बसला जसा काही तिथलाच होता. हलगी थांबली. आता मानकऱ्यानं ओरडायचं, "बुवा पावला!" आणि गावानं म्हणायचं, "पावला, पावला!" माझ्या बापानं म्हटलं, आज्यानं म्हटलं.

मी तोंड उघडलं आणि शब्द अडकला. 'पावला' म्हणावं तर ती समोर दिसते आहे. 'बाई पावली' म्हणावं तर आमचा बुवा गेला, घरचा मान गेला. सगळं गाव माझ्या तोंडाकडे. चुलतभाऊ कानाशी, "म्हन ना दादा, पावला म्हन."

आणि समोरून म्हातारीचा आवाज आला, वावरात हाक मारते तसा, खणखणीत:

"बुवा पावली!"

मग मी ओरडलो, जेवढा दम होता तेवढा, "बुवा पावली!" आणि गाव फुटलं. "पावली! पावली!" हलगी अशी कडाडली की लिंबावरचे पक्षी उडाले. हसायला आलेलेही ओरडत होते. चुलतभाऊसुद्धा, त्याचं तोंड हलताना मी पाहिलं. शाळेचे गुरुजी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाबा, बुवा पावली, हे व्याकरणात बसत नाही." मी म्हटलं, "गुरुजी, बसत नाही तं उभं राहू द्या."

बाई हे पाहायला नव्हत्या. रोमहून आल्या त्या थेट नाशिकला, लेकीकडे. गुडघे गेले, इतका लांबचा प्रवास आता होत नाही. ज्या दगडाच्या फटीकडे वर्षानुवर्षं पाहत बसल्या, तो त्यांनी समोर उभं राहून पाहिला नाही तो नाहीच. याचं मला वाईट वाटतं. त्यांना वाटतं का, विचारलं नाही.

त्या दिवशी मी त्यांना फोन केला. मागं हलगी चालूच होती. मी सगळं सांगितलं, म्हातारी काय ओरडली तेही.

"काका, परत म्हणा."

"बुवा पावली!"

"बुवा पावली," बाई तिकडून म्हणाल्या. मग मोठ्यानं, "बुवा पावली!"

त्यांच्या लेकीचा आवाज आला, नाशिकचा, स्वच्छ, "आई, काय म्हणतेस? बुवा पावला म्हण."

आणि बाई, जन्मभर कॉलेजात शुद्ध बोललेल्या बाई, तिच्यावर कडाडल्या, "तू चूप बस वो! ज्यायचा देव त्यायले मालूम!"